खवलेसरांचा निळा पूल

एका जंगलात, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या त्या नेहमीच्या जंगलात नव्हे, त्याला लागून असलेल्या जंगलात, एक खवल्या मांजर राहत होतं. सगळे त्याला खवलेसर म्हणत.

खवल्या मांजर तुम्ही पाहिलं नसेल. मीही पाहिलेलं नाही. त्याच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात, थरावर थर. ते मुंग्या खातं आणि भीती वाटली की अंगाचा चेंडू करून पडून राहतं. असा स्वभाव असलेल्याने एक तर मठात जावं, नाहीतर संगणकावर गणितं करावीत. खवलेसरांनी संगणक घेतला.

हे मी थोड्या अधिकाराने सांगतोय, मुलांनो, कारण मीही तेच काम करतो. दिवसभर खुर्चीत बसून, अजून न बांधलेल्या वस्तू संगणकावर मोडून पाहतो. माझ्या आईला अजून वाटतं की मी टायपिंग करतो. मी तिची समजूत काढत नाही, कारण टायपिंगचा निदान कागद तरी हाती येतो.

तर त्या जंगलाच्या मधोमध एक दरी होती. रुंदीला फार नाही, पण खोल. तिच्यावर पूर्वी अंजनाचा एक ओंडका आडवा पडलेला होता आणि सगळे त्यावरून ये-जा करत. तो कुजला आणि एके दिवशी खाली गेला. मग पलीकडे जायला एकच वाट उरली, लांबच्या खिंडीतून. खूप दिवसांची चाल.

त्याच सुमाराला वाघमहाराज शेजारच्या जंगलाचा दौरा करून आले. महाराज दौऱ्यावरून आले की जंगलाला काहीतरी बांधावं लागे.

"तिकडे थरांचे पूल आहेत," महाराज म्हणाले. "पानासारखे हलके आणि दगडासारखे पक्के. आपल्याकडे का नाहीत?"

प्रधान तरस म्हणाले, "आपल्याकडे आहेत महाराज. फक्त अजून बांधलेले नाहीत."

थरांचा पूल म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. घायपाताचा वाख घ्यायचा. त्याचे तंतू एकाच दिशेने शेजारी शेजारी मांडायचे आणि त्यावर डिंक ओतायचा. झाला एक थर. हा थर लांबीच्या अंगाने ओढला तर वाघालाही तुटत नाही. आडव्या अंगाने ओढला तर ससासुद्धा फाडतो. म्हणून दुसरा थर आडवा घालायचा, तिसरा तिरका, चौथा उलट्या बाजूने तिरका. एका थराची खोड दुसरा थर झाकतो. संसारही असाच असतो म्हणतात.

यात तंतू सहसा दगा देत नाहीत. दगा देतो तो दोन थरांमधला डिंक. तो सुटला की वरून पूल तसाच दिसतो, पण आतून त्याची सुटी पानं झालेली असतात.

पूल विणायला सुगरण पक्ष्यांचा थवा नेमला गेला. आणि पूल किती भार सोसेल, किती वाकेल, कुठे सुटेल हे आधीच काढायला खवलेसरांना राजअभियंता म्हणून बोलावलं. हे ऐकून सरांना इतका आनंद झाला की त्यांनी अंगाचा चेंडू केला. त्यांना आनंद आणि भीती यांत फारसा फरक करता येत नसे.

त्यांनी संगणकावर पूल काढला. मग त्याचे बारीक बारीक चौकोन केले. प्रत्येक चौकोनाला विचारायचं, तुझ्यावर किती ताण आहे, तू किती वाकलास? तो चौकोन म्हणतो, शेजाऱ्याला विचारा. शेजारी म्हणतो, त्याच्या शेजाऱ्याला विचारा. असे सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसले की त्या सगळ्यांचं मिळून एक मोठं गणित होतं आणि ते संगणक सोडवतो. तोवर तो इतका तापतो की आसपासचे सरडे त्यावर पोट टेकायला येतात. सर तेवढ्या वेळात मुंग्या खात. मी चहा पितो.

उत्तर आलं ते रंगांत आलं. जिथे काही काळजी नाही तिथे निळं, मग हिरवं, मग पिवळं, आणि जिथे मोडणार तिथे लाल.

पूर्ण वाढलेला हत्ती पुलावर उभा केला तर मध्यभागी आणि उजव्या कडेला लाल येत होतं. भडक लाल.

सर दरबारात गेले. "महाराज, हत्तीच्या भाराला डिंक सुटतोय. तिरके थर वाढवायला हवेत. आणि प्रत्येक थर नीट वाळू द्यायला हवा. वेळ लागेल."

प्रधान म्हणाले, "उद्घाटनाची तारीख ठरली आहे."

महाराजांनी चित्र पाहिलं. "हे लाल काय आहे? मला बरं नाही वाटत हे."

"तिथे मोडेल, महाराज."

"मोडेल ते नंतर. आत्ता दिसतंय ना वाईट."

प्रधानांनी सरांना बाजूला घेतलं. "सर, तुम्ही विद्वान. मला एवढंच सांगा, हा रंग ठरवतं कोण?"

"पट्टी ठरवते," सर म्हणाले. "चित्राच्या कडेला ही रंगांची पट्टी आहे ना, तिचं वरचं टोक मी हत्तीच्या भारावर ठेवलंय. उद्या ते दहा हत्तींवर ठेवलं, तर एक हत्ती निळाच दिसेल."

सरांनी ही शास्त्रातली एक माहिती म्हणून सांगितली. प्रधानांना ती सरांची तयारी वाटली.

"मग ठेवा की," प्रधान म्हणाले.

"पण त्याने पूल तोच राहतो."

"पूल तोच राहू द्या. आम्ही कुठे पूल बदला म्हणतोय?"

सर संगणकाकडे वळले. मग त्यांनी पट्टी ताणली. मुलांनो, पट्टी ताणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. एकही आकडा बदलत नाही. आमच्या धंद्यात याला सादरीकरण म्हणतात आणि त्यासाठी वेगळी सभा भरते.

चित्र निळंशार झालं. महाराजांना फार आवडलं. त्यांनी ते वडाच्या झाडावर टांगायला सांगितलं आणि पुलाला निळा पूल असं नाव दिलं. पूल स्वतः मातकट पिवळा होता, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

सुगरणींनी पूल विणला. चांगला रुंद, हत्ती आरामात वळेल इतका. डिंक वरवर वाळला. उद्घाटनाला सगळं जंगल जमलं. पहिला मान गजराबाईंचा होता. गजराबाई म्हणजे जंगलातली सगळ्यांत थोरली हत्तीण. तिची मुलगी दरीच्या पलीकडच्या रानात होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण होती. हत्तींमध्ये अशा वेळी आई जवळ लागते. पूल होणार, असं जंगलात सगळीकडे ऐकू येत होतं, म्हणून गजराबाई खिंडीच्या वाटेने न जाता थांबून राहिली होती.

ती पुलाच्या तोंडाशी आली. पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग तिने गर्दीत खवलेसरांना शोधलं.

"सर, मी जाऊ का?"

"निळं आलंय, गजराबाई," सर म्हणाले.

"मला रंगातलं काही कळत नाही. निळं म्हणजे जाऊ का?"

"निळं म्हणजे निळं."

गजराबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "असं करा, मला दुसरं सांगा. तुमच्या आईला यावरून पाठवाल?"

"आईला पाठवीन," सर लगेच म्हणाले. "आई हलकी आहे."

आणि मग, तोंडातून निघालंच आहे तर पुढचंही त्यांनी खालच्या आवाजात सांगून टाकलं. "तुम्हाला नाही पाठवणार. तुमच्या भाराने मधला डिंक सुटेल. पट्टी ताणली आहे. खरं चित्र लाल आहे."

पुढच्या रांगेने ते ऐकलं आणि मागे पोचवलं. महाराजांनी मान फिरवली. प्रधान हसले, पण तरसाचं तोंडच तसं असतं, त्यामुळे त्याला काही अर्थ नव्हता.

सरांना वाटलं, गजराबाई आपले आभार मानील. ती म्हणाली, "हे तुम्ही आधी सांगितलं असतं, सर, तर एव्हाना मी खिंड ओलांडली असती."

आणि ती वळली आणि खिंडीच्या वाटेला लागली. तिला घाईत चालताना कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

पुलावर पाटी लागली, 'हत्तींना मनाई'. बाकीचे प्राणी ये-जा करू लागले. ससे गेले, भेकरं गेली, रानडुकरांचा कळप पिलावळीसकट गेला. पूल हलला, पण राहिला.

आता खवलेसरांची खरी पंचाईत झाली. पूल मोडेल असं ते भर सभेत बोलले होते. आणि पूल रोज मोडत नव्हता. तो रोज सकाळी तिथेच असायचा. हत्ती चढला तरच मोडेल, असं सरांचं म्हणणं होतं, आणि सरांच्याच म्हणण्यामुळे हत्ती चढत नव्हते. पण एवढं लांबलचक कोण लक्षात ठेवतो? वानरं पुलाच्या मध्यावर येऊन उड्या मारत आणि ओरडून सांगत, "सर, आहे अजून."

प्रधानांनी त्यांचं राजअभियंतापद काढून घेतलं. "घाबरट माणसाने गणित करू नये," असं ते म्हणाले. तिथे माणूस कोणीच नव्हता, पण अशा वाक्यात माणूस लागतो.

सरांनी घरी येऊन गणित पुन्हा केलं. चौकोन आणखी बारीक केले. लालच आलं. डिंक थोडा जास्त चांगला धरून पाहिला. तरी लाल. मग त्यांना वाटलं, आपण मुळात थरांची जाडीच चुकीची घेतली नाही ना? एकदा शंका शिरली की ती मुंगीसारखी रांग लावते. आता त्यांना खात्री हवी होती. आणि खात्री व्हायचा एकच मार्ग होता. पूल मोडायला हवा होता.

म्हणजे कोणाचा जीव जावा असं नाही. ते काही दुष्ट नव्हते. पूल रिकामा असताना, दिवसाढवळ्या, शक्यतो प्रधानांच्या देखत, मध्यभागी आणि उजव्या कडेला मोडावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पुलासमोर एक वारूळ होतं. तिथल्या मुंग्या कडवट होत्या. तरी सर रोज तिथेच जेवायला जाऊ लागले. एक घास खायचा, पुलाकडे बघायचं. जोराचा वारा सुटला की त्यांना बरं वाटे. वारा पडला की भूक मरे. मला हसू नका, मुलांनो. पंख्याचं एक पातं फिरता फिरता मोडेल असं गणित मी केलं होतं आणि ते पातं मोडलं नाही म्हणून माझा एक आख्खा रविवार वाईट गेला आहे.

बऱ्याच दिवसांनी गजराबाई परत आली. बरोबर मुलगी होती आणि मुलीचं पिल्लू. पिल्लाला चांगले पाय फुटले होते, म्हणजे ते सरळ रेषेत चालत नव्हतं. तिघंही खिंडीतून फिरून आली होती, महाराजांना पिल्लू दाखवायला.

वारुळाशी सर दिसले तशी गजराबाई थांबली.

"वेळेवर पोचलात ना?" सरांनी विचारलं.

"नाही. मी पोचले तेव्हा हे आधीच उभं राहिलं होतं. तिने एकटीने केलं सगळं."

 सर खवले साफ करू लागले. मुलीने तोंड दुसरीकडे वळवलं. आणि या तिघांचं असं अवघडून चाललं असताना पिल्लू पुलावर गेलं.

ते पाटीखालून गेलं. त्याला वाचता येत नव्हतं. पूल पायाखाली किंचित झुलतो, हे कळल्यावर त्याला फार मजा वाटली आणि ते धावतच मध्यापर्यंत गेलं. हत्तीचं पिल्लू तुम्हाला लहान वाटतं. पण ते दोन-तीन रानडुकरांना भारी असतं आणि तो सगळा भार चार पायांवर एकाच जागी असतो. शिवाय पुलाच्या त्याच मध्यावर वानरांनी रोज उड्या मारून डिंक आधीच खिळखिळा केला होता.

आतून आवाज आला. टिक. मग टिक, टिक. जणू कोणी वाळलेल्या काड्या मोडतंय.

पिल्लू थबकलं. पूल वाकला होता. ते घाबरलं आणि ओरडलं. त्याची आई पुढे धावली. गजराबाईने तिला सोंडेने मागे ओढलं.

"तू गेलीस की दोघं जाल."

"मग कोण जाणार?"

सरांनी पुलाकडे पाहिलं. उजव्या कडेला थर फुगले होते, पुरीसारखे. त्यांनी काढलं होतं तिथेच. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते अगदी गणिताबरहुकूम डोळ्यांसमोर होत होतं.

आणि सरांच्या मनात काय आलं? त्यांच्या मनात आलं, माझं सगळं चुकलेलं असू दे. जाडी चुकलेली असू दे, डिंक चुकलेला असू दे, मी गाढव ठरू दे, वानरांनी जन्मभर चिडवू दे.

अंगाचा चेंडू होत होता. तो त्यांनी होऊ दिला नाही. ते पुलावर गेले.

त्यांना एकच गोष्ट नीट येत होती. ते खरं चित्र त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की कुठल्या चौकोनात काय रंग आहे ते पाठ झालं होतं. उजवीकडे लाल. मध्ये लाल. डावीकडे, कडेपासून थोडं आत, हिरव्याचा एक पट्टा होता, अरुंद, पण सलग. ते त्या पट्ट्यावरून सरपटत पिल्लापर्यंत गेले.

"बाळा, ओरडू नकोस. हळूच माझ्याकडे सरक. इकडे हिरवं आहे."

पिल्लाने खाली पाहिलं. "हिरवं कुठाय?"

"माझ्या डोक्यात आहे."

"मला नाही दिसत."

"नको दिसू दे. माझी शेपटी धर."

सर वळले आणि पिल्लाने सोंडेने शेपटी धरली. खवल्यांच्या कडा त्याला बोचल्या असणार, पण त्याने सोडली नाही. मग सर त्या हिरव्या पट्ट्यावरून परत निघाले. पुढे सर, मागे पिल्लू. खालून टिकटिक चालूच होती. एकदा मोठा आवाज झाला, फडकं फाडल्यासारखा, आणि पूल उजवीकडे कलला. पिल्लू थांबलं.

"अजून हिरवं आहे का?" त्याने विचारलं.

"आहे," सर म्हणाले. आता तिथे पिवळं झालं असणार, हे त्यांना माहीत होतं. पण त्या वेळी त्यांनी पट्टी थोडी ताणली.

ते काठाला आले. आईने पिल्लाला पायांमध्ये घेतलं. सर जमिनीवर आले आणि मग मात्र त्यांनी चेंडू केला.

गजराबाई पुलापाशी गेली. तिने एक पाय पुलाच्या टोकावर ठेवला आणि दाबला. सगळे थर एकमेकांपासून सुटले, पाणी लागलेल्या वहीच्या पानांसारखे, आणि पूल मध्यातून मोडून दरीत गेला. त्यावर कोणी नव्हतं.

चौकशी झाली. प्रधानांनी निकाल वाचला. त्यात म्हटलं होतं की पूल मुळात निर्दोष होता, वडावरचं चित्र पाहावं. घटनेच्या वेळी पुलावर एक हत्तीचं पिल्लू आणि एक अभियंता एकदम होते. अभियंत्याचा भार गणितात धरलेला नव्हता. यापुढे अभियंत्यांनी पुलावर जाऊ नये.

नव्या पुलाचं गणितही मग खवलेसरांकडेच आलं, कारण दुसऱ्या कोणाकडे संगणक नव्हता.

निकाल ऐकून सगळे पांगल्यावर गजराबाई सरांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिची मुलगीही होती. पिल्लू धुळीत लोळत होतं.

"बरोबर होतं ना तुमचं?" गजराबाईने विचारलं.

"बरोबर होतं," सर म्हणाले. "त्याच जागी मोडला."

"मग आनंद झाला असेल."

सरांनी विचार केला. "होणार होता. पण मधे थोडा वेळ चुकावं असं वाटलं, तेव्हापासून नीट होत नाहीये."

मुलगी त्यांच्याशी अजून बोलली नव्हती. तिने शेजारच्या झाडाची एक फांदी वाकवली आणि झाडमुंग्यांचं एक भरलेलं घरटं काढून सरांच्या पुढ्यात ठेवलं. मग तिघंही चालायला लागली.

सरांनी एक मुंगी खाल्ली. ती गोड होती.

तात्पर्य: पूल मजबूत राहावा असं वाटत असेल, तर त्यावरून कोणाला जाऊ देऊ नये. आणि गणित बरोबर राहावं असं वाटत असेल, तर पूल बांधूच नये. मी स्वतः आजवर एकही पूल बांधू दिलेला नाही, आणि पुलाचं माझं एकही गणित आजवर चुकलेलं नाही.